म्हातारी पहिलटकरीण

सन एकोणीसशे एकाहत्तर. माझं वय तेव्हा त्रेचाळीस. म्हणजे आईच्या सांगण्यावरून त्रेचाळीस, शाळेच्या दाखल्यावरून पंचेचाळीस. दाखला मास्तरांनी अंदाजे लिहिलेला, आणि मी तिसरीतच शाळा सोडल्यामुळे तो दुरुस्त करायची कधी गरज पडली नाही. मी आईचं खरं मानतो. जन्माच्या वेळी ती तिथं हजर होती, मास्तर नव्हते.

घाटकोपरच्या टेकडीवर एका चाळीत आम्ही दोघं राहायचो, मी आणि बायको. मी लादी बसवायचं काम करायचो. मिस्त्री म्हणायचे मला, आणि नुसता मिस्त्री नाही, ज्याच्या कामात पाणी कधी साचलं नाही असा मिस्त्री. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. सुरुवातीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. मग वर्षानुवर्षं काहीच नाही. आधी लोक विचारायचे, मग त्यांनी विचारायचं सोडलं. मग आम्ही दोघांनी एकमेकांना विचारायचं सोडलं.

त्या वर्षी एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "अहो, मला चौथा लागलाय."

"चौथा काय?"

"महिना."

माझा घास हातातच राहिला. "आणि हे तू आज सांगतेस?"

"तिसरा सरू दे म्हटलं. भाजी घ्या."

भाजी कुठली घेतोय. मी उठलो, हात धुतला आणि त्याच क्षणी ठरवलं की पोर कुठं जन्माला येणार. आमच्या खालच्या रस्त्यावर सूतिकागृह होतं. त्याची लादी मी बसवलेली. खालचा मजला, वरचा मजला, सगळी. सहा महिने गुडघ्यावर बसून. बायका तिथं बाळंत होऊन यायच्या आणि मी मनात म्हणायचो, माझ्या लादीवर झालं पोर. आता माझं पोर दुसऱ्या कुणाच्या लादीवर व्हायचं? शक्यच नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. दारात सिस्टर होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही बाहेर बाकावर बसा. जावई आलेत का?"

"कोणाचा जावई?"

"मुलीला घेऊन आलात ना?"

"ही माझी बायको आहे!"

सिस्टरनं जीभ चावली. बायकोनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते तिचे. मी केस काळे करत नसे, आजही करत नाही.

आत डॉक्टरीणबाई होत्या. चष्मा, बारीक चण, वय फार तर सत्तावीस. त्यांनी बायकोला तपासलं, माझा धंदा विचारला, रेशनकार्डावरून वय उतरवून घेतलं आणि कागदाच्या डोक्यावर लाल पेन्सिलीनं इंग्रजीत दोन शब्द लिहिले. खाली दोन रेघा ओढल्या.

"तपासणी करेन, पण बाळंतपणाला इथं नाव घालता येणार नाही," त्या म्हणाल्या. "शीवच्या मोठ्या इस्पितळात घाला. चिठ्ठी देते."

"का बरं?"

"वय, मिस्त्री. एक्केचाळीस आणि पहिलं बाळ."

आता हे एक्केचाळीस कुठून आलं ते सांगतो, कारण त्यात दोष माझाच आहे. लग्नानंतर तिचं नाव रेशनकार्डावर चढवायला गेलो तेव्हा ती एकोणीस-वीसची होती. कारकुनानं वय विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रीची बायको एकोणीसची म्हणजे पोरकट दिसलं असतं, म्हणून मी रुबाबात सांगितलं, "चोवीस." कारकुनानं लिहिलं. तेव्हापासून ती कागदावर माझ्या तोंडच्या चोवीसाच्या मागं मागं म्हातारी होत गेली.

घरी येताना चाळीतला कंपाउंडर जिन्यात भेटला. त्याला लाल शब्द दाखवले.

"हे होय," तो म्हणाला, "एल्डरली प्रायमी. प्रायमी म्हणजे पहिलटकरीण. एल्डरली म्हणजे..." आणि थांबला.

"बोल की."

"म्हातारी. म्हातारी पहिलटकरीण."

जिन्यात बोललेलं चाळभर व्हायला किती वेळ लागतो? सकाळी नळावर बायका म्हणाल्या, "म्हातारे, ये गं, आधी तू भर." आणि आमची ही हसत हसत पुढं गेली, पहिल्या नंबरावर दोन्ही हंडे भरून आली.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं.

"कशाची? सतरा वर्षं रांगेत उभी आहे, आज पहिल्यांदा पहिला नंबर मिळाला."

कामावर तर विचारूच नका. माझा जोडीदार सिमेंट कालवताना म्हणाला, "मिस्त्री, उशिरा बसवलेली लादी पक्की बसते म्हणतात."

"तू थापी चालव," मी म्हटलं.

पण डोक्यात ते दोन लाल शब्द बसले. सतरा वर्षांनी बायकोच्या नावापुढं काही लागलं, आणि ते काय, तर म्हातारी! आणि त्यापायी माझं पोर शीवला! मी ठरवलं, वय खोडायचं. वय खोडलं की शब्द खोडले जातील, आणि शब्द गेले की पोर घाटकोपरात.

एक दिवस खाडा करून कुर्ल्याच्या कोर्टाबाहेर गेलो. तिथं टाईपवाले बसतात, सत्यप्रतिज्ञेचे कागद करून देतात. टाईपवाल्यानं विचारलं, "किती वय लिहू?"

खरं तर मला तेहतीस हवं होतं. पण मी आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस. लादीचा भाव सांगताना हवा त्यापेक्षा जास्त सांगायचा, समोरचा तोडत तोडत आपल्या आकड्यावर येतो. इथं उलटं. खालून सुरुवात करायची, डॉक्टरीणबाई वाढवत वाढवत तेहतीसवर येतील. मी म्हटलं, "एकोणतीस."

त्यानं बायकोकडे न बघता टाईप केलं. तिला मी आणलीच नव्हती. तिच्या नावापुढं तिच्या वतीनं मीच एक फुली मारली. ती चौथी शिकलेली, सही येते तिला, पण तेवढा विचार कोण करतो.

दुसऱ्या तपासणीला मी तो कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. लादीचा पहिला तुकडा ठेवावा तसा, दोन्ही हातांनी.

त्यांनी वाचला. चष्मा वर केला. पुन्हा वाचला.

"लग्नाला किती वर्षं झाली म्हणालात?"

"सतरा," मी म्हटलं. अभिमानानं म्हटलं.

"म्हणजे बाराव्या वर्षी लग्न केलंत हिच्याशी. हा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

मी चरकलो. पण घासाघीशीत पहिला टोला बसला म्हणून कोणी उठून जात नाही. "बरं, एकतीस लिहा."

"मग चौदाव्या वर्षी."

"बत्तीस."

"पंधराव्या."

"तेहतीस. आता यापुढं नाही."

"सोळा," त्या म्हणाल्या. "अहो, वय म्हणजे काय वांगी आहेत?"

सिस्टर कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. पाठमोरी हसणाऱ्या बाईची पाठ मला ओळखू येते, सतरा वर्षांची सवय आहे.

मग आमची ही बोलली. इतका वेळ गप्प होती. "बाई, सदतीस लिहा. माझा धाकटा भाऊ पस्तीसचा आहे, त्याला टक्कल पडलंय. आणि तो कागद फाडून टाका. मी फुली मारत नाही, सही करते."

डॉक्टरीणबाईंनी एक्केचाळीस खोडून सदतीस लिहिलं. लाल शब्द तसेच राहिले. मी बोट ठेवलं. "आणि हे?"

"हे राहणार. पस्तिशीच्या पुढं पहिलं बाळ असलं की लिहावंच लागतं."

"म्हणजे सदतीस काय, एक्केचाळीस काय, सारखंच?"

"या शब्दांना सारखंच."

खाडा, कोर्ट, प्रतिज्ञा, सगळं पाण्यात. मी म्हटलं, "बायकोला म्हातारी लिहायचं आणि वर सूतिकागृहाबाहेर काढायचं. हा कुठला न्याय?"

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "मिस्त्री, हे तिला नाव ठेवायला लिहिलेलं नाही. उद्या मी रजेवर असले, दुसरा कोणी डॉक्टर आला, तर लाल अक्षर बघून त्याची नजर थांबावी म्हणून लिहिलंय. हिचं रक्त कमी आहे. आधी दोनदा गेलंय. हे बाळ हातातून जाता कामा नये."

"जाणार नाही. पण होणार इथंच. ही लादी माझी आहे."

"तुमची?"

"मी बसवलीय. सगळ्या खोल्यांची."

"सगळ्या?"

"संडासापासून सगळ्या."

"मग मला सांगा," त्या म्हणाल्या, "यात ऑपरेशनची खोली कुठली?"

मी तोंड उघडलं आणि मनातल्या मनात निघालो. खाली तपासणी, त्याच्या शेजारी कचेरी, औषधांची खोली, मोरी. वर दोन मोठ्या खोल्या, बाळंतपणाची खोली, स्वयंपाकघर, पुन्हा मोरी. ऑपरेशनची खोली कशी असते हे मला माहीत होतं. मुलुंडला एका खासगी दवाखान्यात केली होती. तिथं पांढऱ्या टाईल थेट छतापर्यंत चढवाव्या लागतात आणि भिंतीचे कोपरे गोल करावे लागतात, घाण अडकू नये म्हणून. त्या गोल कोपऱ्यांनी माझे हाल केले होते. इथं मी एकही कोपरा गोल केला नव्हता. टाईल कुठंच कमरेच्या वर चढवली नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

"बाळ आडवं आलं, तर मी इथं काय करू? तुमच्या लादीकडे बघत बसू?"

आता सिस्टर उघड हसली. बायको नाही हसली. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या हातात शीवची चिठ्ठी होती. पहिल्या दिवशीच मी ती चुरगाळून फेकली होती. तिनं उचलून, हातानं सारखी करून, ब्लाउजमध्ये ठेवली होती, ते मला तेव्हा कळलं.

घरी परतताना चढावर ती दोनदा थांबली, दम घ्यायला. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा म्हणाली, "तुमच्या लादीचं पोराला काय कौतुक? ते काय बाहेर आल्या आल्या चालणार आहे?"

मी पुढं पाऊल टाकलं. ती जागची हलली नाही.

"दोनदा गेलं तेव्हा तुम्ही कामावर होतात," ती म्हणाली. "मी कधी बोलले नाही. आता तिसऱ्यांदा गेलं ना, तर त्याच लादीवर डोकं आपटून घेईन. मग बसा पॉलिश करत."

सतरा वर्षांत ती माझ्याशी या आवाजात बोलली नव्हती. चाळीत शिरताना कंपाउंडर जिन्यातच उभा होता. "काय मिस्त्री, झाली का बायको तरुण?"

"सदतीसची आहे," मी म्हटलं. "आणि पहिलटकरीण आहे. जिना मोकळा कर."

त्या दिवशी मी माफी वगैरे मागितली नाही. माझ्या तोंडात तो शब्द बसत नाही, दाताखाली खडा आल्यासारखा होतो. जेवलो आणि आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो, स्टोव्ह पेटवून चहा केला, जोडीदाराला कामावर येत नाही म्हणून निरोप धाडला आणि तिला बसनं शीवला घेऊन गेलो. केसपेपरच्या खिडकीला मोठी रांग होती. तिला बाकावर बसवून रांगेत मी उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं वय?"

मी वळलो, तिला हाक मारून खिडकीपाशी बोलावलं, आणि बाजूला सरून म्हटलं, "तिलाच विचारा."