रॅमच्या खाचेतली अक्षता

कम्प्युटर भंगारात द्या, असं मला एकाच आठवड्यात तिघांनी सांगितलं. आधी नाशिकच्या लेकाने, मग आमच्या ह्यांनी आणि शेवटी दुकानदाराने. तिघांनाही मी नाही म्हटलं. नाही म्हणायला काय लागतं हो? तोंड उघडायचं, म्हणायचं. पण ते खरं करून दाखवायचं होतं, आणि तेही कानबाईच्या आत.

कानबाई म्हणजे आमचा श्रावणातला सण. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी नारळाच्या रूपात देवी बसवायची, सगळे भाऊबंद जमायचे, रोट खायचे आणि बायांनी देवीपुढे गाणी म्हणायची. आमच्या गावी, कोरीटला, गेली काही वर्षं गाण्यांच्या जागी डीजे आलाय. माझ्या थोरल्या जाऊबाई आणि त्यांच्या जोडीच्या बाया भिंतीला टेकून गप्प बसतात. त्या धडधडीत कोण गाणार आणि कोणाला ऐकू येणार? म्हणून उन्हाळ्यात मी गावात जाऊन एकेकीला गाठलं आणि त्यांची गाणी फोनवर शूट केली. कोणी मिरचीचे देठ खुडताना गायली, कोणी ओट्यावर पाय पसरून. आणि भाऊबंद बसले होते तिथे सांगून टाकलं, यंदा कानबाईपुढे पडद्यावर ही गाणी लागतील, डीजे नको.

पुतण्या, म्हणजे जाऊबाईंचाच मुलगा, डीजे ठरवणारा, मिशीत हसला. "काकू, आनि तुन्हा व्हिडिओ तयार नही व्हयना तर?"

"तर तुन्हा डीजे आन. मी सगळासना पुढे नाचसू."

सगळे हसले, मीही हसले. पण शब्द तर गेला ना.

आता कम्प्युटरचं सांगते. लेक शिकत होता तेव्हा घेतलेला. लेक लॅपटॉपवाला झाला आणि हा माझ्याकडे राहिला. सातवीनंतर मी शाळेचं तोंड बघितलं नाही, पण ह्याच्यावर मी टायपिंग शिकले, घरातल्या लग्नांच्या पत्रिका केल्या, आणि व्हिडिओ जोडायलाही शिकले. इंटरनेटवर बघायचं, थांबवायचं, करायचं, चुकायचं, परत बघायचं. तर ह्या गाण्यांचं काय व्हायचं, एक गाणं ठेवलं की चालायचं. दुसरं ठेवलं की बाण गोल गोल फिरायला लागायचा. तिसऱ्याला पडदा गोठलाच. जाऊबाईंचं तोंड उघडं ते उघडंच.

लेकाला फोन केला. नाशिकला गेल्यापासून तो माझ्याशीसुद्धा पुस्तकातलं बोलतो. "आई, मोबाइलवर कर ना. सोपं आहे."

"अरे, मोबाइलवर माझ्या अंगठ्याखाली अख्खं गाणं झाकलं जातं. मला मोठा पडदाच लागतो."

"मग टॅब घेऊन देतो. तो डबा दे भंगारात."

"तू ह्याच्यावर परीक्षा पास झालास तेव्हा नव्हता तो डबा?"

मग तो म्हणाला, "मेमरी वाढव आणि एखादं ग्राफिक्स कार्ड टाक. पण इतक्या जुन्या बोर्डात हे करणं म्हणजे वेडेपणा आहे." त्यातलं पहिलं वाक्य मी घेतलं, दुसरं त्याच्याकडेच राहू दिलं.

मेमरी मला अशी समजली. स्वयंपाकाचा ओटा मोठा असला की एका वेळी चार डबे उघडून ठेवता येतात. लहान असला की एक बंद करा, दुसरा उघडा, त्यातच दिवस जातो. माझ्या कम्प्युटरचा ओटा लहान होता. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं तेवढी काढायला वेगळा माणूस बसवायचा. इतकं कळल्यावर मी कॅबिनेट जुन्या साडीत गुंडाळलं, रिक्षात मांडीवर घेतलं आणि नंदुरबारच्या दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "मावशी, वय काय ह्याचं?"

"माझ्याहून कमी आहे. चालायला पाहिजे."

माणूस वाईट नव्हता. त्याने ड्रॉवर धुंडाळून माझ्या बोर्डाला चालणारी जुन्या जातीची रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी काढली. एक वापरलेलं छोटं कार्डही काढलं, वेगळी वायर न लागणारं, म्हणजे जुन्या पॉवर सप्लायवर भार नको. आधीची पट्टी एका खाचेत होतीच. नवी त्याने शेजारच्या रिकाम्या खाचेत दाबली. एका टोकाचा खटका लागला, दुसऱ्याचा लागेना. बटण दाबलं तर नुसतं पीं, पीं, पीं. परत काढली, परत दाबली. पीं, पीं. मागे गिऱ्हाइकं उभी होती.

"स्लॉट मेला, मावशी. बोर्ड जुना झाला. आता भंगारच."

"पट्टी आणि कार्ड बांधून द्या. घरी नेते."

"घरी काय करणार?"

"बघणार."

"बघून काय होणार?"

"ते माहीत असतं तर बघायची गरजच नव्हती की."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओसरीत चांगला उजेड आला तेव्हा, कॅबिनेट पलंगावर आडवं घातलं. व्हिडिओत सांगितलेलं सगळं केलं. वायर काढली. हातातली सोन्याची पाटली उतरवली, काचेच्या बांगड्या नाही उतरवल्या, काचेतून कुठे करंट जातो? अंगातला करंट उतरावा म्हणून खिडकीच्या लोखंडाला हात लावला आणि बाजूचा पत्रा उघडला. आमचे हे चहा घेऊन समोर येऊन बसले.

"काय वं, ऑपरेशन करी ऱ्हायनी का?"

"हाव. तुम्ही बाहेर बठा, पेशंटना नातेवाईक बठतस तसा."

आत बघितलं तर तळाला तांदूळ. चांगले चिमूटभर. काही पांढरे, काही लाल. उंदराने आणले म्हणावं तर लाल कसे? आणि मग माझं मलाच कळलं. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळा, शिलाई मशीन, ह्यांची मोटरसायकल, आणि तो घरात आल्यापासून कम्प्युटरसुद्धा. हळद, कुंकू, फूल आणि अक्षता. कॅबिनेटच्या डोक्यावर हवा जायला जाळी आहे. दर दसऱ्याला मी भक्तिभावाने त्या जाळीवर अक्षता टाकत आले होते, आणि देव ठेवील तिथे ठेवील म्हणून त्या खाली जात होत्या.

चष्मा पुसून त्या रिकाम्या खाचेत वाकून बघितलं. एका टोकाला, अगदी खटक्याजवळ, एक दाणा आडवा रुतलेला. कुंकवाने माखलेला, लालभडक.

ह्यांना दाखवला. आधी त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि असे हसले की चहा धोतरावर. "पूजा करी करी जीव लिधा वं त्याना!"

"जीव गया नही आजून. तुमनं धोतर देखा."

खराट्याची बारीक काडी तासली आणि दाणा हळूच उकरून काढला. रंगाच्या कोऱ्या ब्रशने खाच झाडली. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले. मग दोन्ही अंगठे टेकवून दाबली. टक्. आणि पलीकडून, टक्. वायर लावून बटण दाबलं. पीं नाही. पडदा उजळला. आकडा बघितला तर मेमरी दुप्पट.

बंद करून मग कार्ड बसवलं, पत्रा लावला, पुन्हा बटण दाबलं. आत पंखा फिरतोय आणि पडदा काळा. काळा म्हणजे अमावास्या.

"गया," हे म्हणाले.

"नही गया."

"आते मान वं. लेक सांगस, दुकानदार सांगस, मी सांगस..."

"तुम्ही तिन्ही सांगतस, पन उघाडी कोन देखं?"

बोलता बोलता कॅबिनेटच्या मागे हात गेला आणि हाताला कळलं. पडद्याची वायर मी सवयीने जुन्याच भोकात खोचली होती. चित्रं काढायला वेगळा माणूस बसवला आणि निरोप अजून जुन्यालाच! वायर काढून कार्डाला लावली. चित्र आलं, आणि काय स्वच्छ आलं. ह्यांनी न सांगता माझ्यासाठी चहा टाकला. हार मानायची त्यांची तीच पद्धत आहे.

गाणी एकेक करून खाली ओळीने ठेवली. दुसरं बसलं. तिसरं बसलं. सगळ्या बाया बसल्या, बाण एकदाही फिरला नाही. जाऊबाईंचं गाणं मी मुद्दाम पहिलं ठेवलं होतं. ते लावून बघतच होते तोवर पुतण्याचा फोन.

"काकू, डीजेवाला इचारी ऱ्हायना. त्याले काय सांगू?"

मी फोन स्पीकरजवळ धरला. जाऊबाईंचा आवाज, मध्ये देठ तुटल्याचा बारीक आवाज, परत त्यांचा आवाज.

"हाई... मन्ही माय शे का?"

"तूच सांग. तुन्ही माय शे."

"माय गास? माले माहीतच नही."

"तुन्हा डीजे चालस मग तुले कसं माहीत व्हई? सांग आते त्याले."

रविवारी कोरीटला देवीसमोर प्रोजेक्टरसाठी पांढरी चादर बांधायला तोच शिडीवर चढला होता. जाऊबाई स्वतःला चादरीवर एवढ्या मोठ्या बघून माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाल्या, "काय वं, मन्हा दात नही ते बी दखाडं का?" आणि दुसऱ्या कडव्याला चादरीवरच्या जाऊबाईंना मागे टाकून खालच्या जाऊबाई पुढे गेल्या. मग भिंत सोडून बाकीच्याही पुढे सरकल्या. थोड्या वेळाने मी आवाज कमी केला, मग बंदच केला. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

दसरा आला. हे दारातूनच म्हणाले, "आते तरी त्यानावर तांदूय नको टाकू."

टाकल्या. हळद, कुंकू, झेंडू आणि मूठभर अक्षता. फक्त त्याआधी जाळीवर माझ्या साडीचा तुकडा चौघडी करून अंथरला. ज्याने माझा शब्द राखला, त्याला मी कोरडा ठेवू होय?