लग्नानंतरचा मेडिक्लेम

लग्नाची रजा संपवून मद्रासला अड्यारच्या ऑफिसात गेले, तर हातावरच्या मेंदीचं कौतुक होण्याआधीच एचआरमधून बोलावणं आलं. तिथल्या तमिळ बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि थेट कामाचं विचारलं, "कंग्रॅच्युलेशन्स मा! मेडिक्लेममध्ये आता कोण? पेरेंट्सा, इन-लॉजा? ओन्ली वन पेअर."

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आमच्या कंपनीचा नियमच होता. लग्न झालं, की महिनाअखेरपर्यंत विम्यातली माणसं नव्याने कळवायची. नवरा आत येणार, आणि आई-वडील किंवा सासू-सासरे यांतली एकच जोडी राहणार. तारीख चुकली, की वर्षभर दोन्ही जोड्या बाहेर.

मला वाटलं, यात विचार तो कसला करायचा? सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे सासरच्या दुखण्याखुपण्याला रेल्वेचं हॉस्पिटल होतं. सांगलीत माझ्या आई-बाबांना माझ्या पॉलिसीशिवाय काहीच नव्हतं. त्यात आईच्या पित्ताशयात खडे. डॉक्टर ऑपरेशनसाठी मागे लागले होते आणि ही बाई "आधी लग्न उरकू दे" म्हणत, पोट धरून रुखवताचे लाडू वळत बसली होती.

संध्याकाळी फोनवर बाबांना सहज म्हणून सांगितलं.

"आमची नावं काढ," बाबा म्हणाले. "सासू-सासऱ्यांची घाल."

"अहो बाबा, त्यांना गरज नाही!"

"कन्यादान केलंय मी. दिलेल्या लेकीच्या जिवावर दवाखाने करायचे नाहीत."

माझं डोकंच फिरलं. "मी काय पितळेची परात आहे का, दान करायला?" असं मी ओरडले, पण तोवर त्यांनी फोन ठेवला होता. इतकी वर्षं मला शिकवणारा, एकटीला मद्रासला पाठवणारा हा माणूस एका विधीपायी आडमुठेपणा करत होता, याचा मला भयंकर राग आला.

नवरा शहराबाहेरच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून दमून आला होता. माझी आदळआपट ऐकून घेत त्याने सुचवलं, "न सांगता ठेव की नावं." ते सोपं होतं. पण नुसतं कार्ड असून काय उपयोग? बाबांच्या शब्दाबाहेर जाऊन आई दवाखान्याची पायरी चढेल, असं मला मुळीच वाटत नव्हतं, आणि मला भीती त्याचीच होती.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. एचआरच्या बाई दोनदा डोकावून गेल्या. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. आई होती, शेजारच्या काकूंच्या घरून बोलत होती.

"माझं नाव ठेव गं. पुढच्या महिन्यात ऑपरेशन करून घेते. पोट फार दुखतं."

"आणि बाबा? कन्यादानाचं काय?"

"ते त्यांनी केलं," आई शांतपणे म्हणाली. "मी नुसती पाण्याची धार धरली होती. मी काही तुला दिली-बिली नाही कुणाला."

भर ऑफिसात मला रडू फुटलं. काही केल्या आवरेना.

"आता तू का रडतेस?" आई तिकडून डाफरली. "ऑपरेशन माझं आहे!"