नवाबाचं उपोषण

प्राणिसंग्रहालयातलं सापघर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. साहेबही म्हणत, आणि साहेब त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे होते. मावशींना एकच खोड होती: समोरचा पोटभर जेवला की नाही, याची काळजी. विजेचं मीटर बघायला आलेला माणूसही त्यांच्या घरून कधी रिकाम्या पोटी सुटला नाही.

त्या वर्षी अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली. बिनविषारी जातीची, पेन्सिलीएवढी. पहिली कात टाकली की ही पिल्लं खायला लागतात. आठ जणांनी शहाण्यासारखं तेच केलं. उंदराचं इवलंसं मेलेलं पिल्लू कोमट करून चिमट्याने समोर धरलं, की गट्टम! नवव्याने मात्र तोंड फिरवलं. मावशींनी त्याचं नाव नवाब ठेवलं.

उंदीर गार लागत असेल म्हणून मावशींनी तो आणखी गरम केला. चिमटा नाचवून दाखवला. पिल्लाला निवांतपणा हवा असेल म्हणून डबा अंधारात ठेवला, आणि दर दहा मिनिटांनी झाकण उघडून "खाल्लंस का रे?" असं विचारलं. अशाने भल्याभल्यांची भूक मरेल, पण मावशींना सांगणार कोण? नवाब आपला कोपऱ्यात वेटोळं करून ढिम्म.

असे पाच आठवडे गेले. नवाबाच्या पाठीचा कणा वर दिसायला लागला.

"शुक्रवारपर्यंत वाट बघू, मावशी," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर नळीने भरवावं लागेल."

गेल्या वर्षी नळीने भरवलेली दोन्ही पिल्लं दगावली होती.

"दुसरं काहीच नाही का हो करता येणार?"

"काहींना आधी पालच लागते. उंदराला पालीचा वास लावून बघा."

शुक्रवारी सकाळी मावशींनी नवऱ्याला स्टुलावर चढवलं.

"अहो, ट्यूबच्या मागे बघा! तिथेच आहे ती!"

"तुझा साप जेवत नाही म्हणून मी का पडायचं? आइस्क्रीमशेजारी उंदीर ठेवलेस, तेव्हा मी काही बोललो का?"

"बोललात. तीन दिवस बोललात. डावीकडे!"

पाल निसटली, पण शेपटी टाकून गेली. ती नेमकी यजमानांच्या टकलावर पडून वळवळायला लागली. यजमान किंचाळले. मावशींनी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता शेपटी तेवढी अलगद उचलली, रुमालात गुंडाळली आणि बस गाठली.

सापघरात पोचल्या पोचल्या त्यांनी ती शेपटी उंदराच्या पिल्लावर मन लावून चोळली. डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवायचे, नाहीतर सापाला बोट आणि घास यांतला फरक कळत नाही, हे मावशींनी प्रत्येक नव्या माणसाला दटावून शिकवलेलं. आज त्या स्वतःच साफ विसरल्या. उजव्या हातात चिमटा, डावा हात डब्याच्या काठावर. नवाबाने मान उचलली, जीभ लपलपवली, उंदराला वळसा घातला आणि मावशींचा अंगठा पकडला.

"डॉक्टर! धावा! खातोय तो!"

डॉक्टर धावत आले. "काय खातोय?"

"मला!"

नवाब नखाच्या बाजूने अंगठा गिळायच्या उद्योगाला लागला होता. दात टाचणीच्या टोकाएवढे, पण रक्ताचे दोन थेंब आलेच. डॉक्टर त्याला सोडवायला पुढे झाले.

"खबरदार हात लावाल तर! पाच आठवड्यांनी लेकराने तोंड उघडलंय."

मग मावशी पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांनी चिमट्यातला उंदीर अंगठ्याच्या कडेने हळूच पुढे सरकवला. नवाब थबकला. अंगठा काही आत जाईना. त्याने तो सोडला, उंदराचं नाकाड धरलं आणि बघता बघता उंदीर शेपटीसकट दिसेनासा झाला.

मावशींनी तिथेच फतकल मारली आणि त्या हमसून हमसून रडल्या. डॉक्टरांनी अंगठ्याला औषध लावत विचारलं, "फार दुखतंय का?"

"दुखतंय कसलं!" मावशींनी डोळे पुसले. "भूक होती हो त्याला. मीच नको ते वाढत होते."