धुऱ्याची वाट

लाखनीत हायवेच्या कडेला कॉम्प्युटर दुरुस्तीची तीन-चार दुकानं आहेत. त्यांत भुपेंद्रचं दुकान कुणीही ओळखेल. बाकीच्यांच्या काचेत नवे लॅपटॉप मांडलेले असतात, याच्या काचेत वीस वर्षांपूर्वीचा पेटीएवढा मॉनिटर असतो आणि तो चक्क चालू असतो. एखादं गिऱ्हाईक हसलंच, तर भुपेंद्र हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून सांगतो, "हसू नका भाऊ. याच्यात एक अख्खा मुलूख आहे."

मुलूख म्हणजे गेम. दोन हजार पाच साली त्याच्या मित्रानं, निकेशनं, नागपूरहून एक सीडी आणली होती. तिच्यावर पेनानं काही खरडलेलं होतं ते पुसून गेलं, म्हणून दोघांनी गेमला आपणच नाव दिलं, मुलूख. एक तलवारवाला गडी, डोंगर, नद्या, गावं, आणि कुठंही जायची मोकळीक. काय करायचं ते कुणी सांगत नाही. वाट विचारावी तर गावातली माणसं तोंडी सांगतात, पूल ओलांड, मोठ्या दगडापाशी डावीकडं वळ. मग ते वहीत लिहून घ्यायचं आणि चुकत चुकत पोचायचं. ती वही भुपेंद्रनं अजून जपून ठेवली आहे. तिच्यात निकेशच्या अक्षरात 'पुलापुढं भूत, जाऊ नये' असंही लिहिलेलं सापडतं.

चाळिशीला टेकलेल्या माणसानं हे असले खेळ पुन्हा काढावेत, यात भुपेंद्रला काडीचंही वावगं वाटत नव्हतं. उलट त्याचं मत ठाम होतं. नव्या गेममध्ये चित्रं आरशासारखी चकचकीत, पण डोक्यावर सतत बाण. इकडं जा, तिकडं वळ, हे उचल. "त्या गेममध्ये आपण खेळत नाही, आपल्याले हाकलून नेतेत," असं तो म्हणे. जुन्यातली माणसं चौकोनी डोक्याची, झाडं पुठ्ठ्याची, हे खरंच होतं. पण वाट आपली आपल्याला शोधावी लागते, आणि सापडली की ती जन्मभर आपली राहते. या हिवाळ्यात तो मुलूख टोकापर्यंत पुरा करायचाच, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

मात्र त्या मुलखात एक गाठ वीस वर्षं सुटली नव्हती. एका खेड्यातला म्हातारा शेतकरी म्हणायचा, माझ्या शेताचं पाणी आटलं, ते शोधून आण. निकेशनं आणि यानं तेव्हा डोंगरन् डोंगर पालथा घातला. पाणी काही सापडलं नाही.

आणि दुसरी गाठ घरातच, खाटेवर बसलेली होती.

ती म्हणजे भुपेंद्रची माय, चंद्रकांताबाई. माहेर कोंढ्याचं, सासर सिहोऱ्याचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन आल्या आणि विशी ओलांडायच्या आत गावच्या रोवणीच्या टोळीच्या म्होरक्या झाल्या. धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, चिखलात लावत बायका मागं मागं सरकतात, त्या रांगेत धुऱ्याकडची, शेताच्या बांधाकडची, पहिली जागा त्यांची. त्या जागेवरून त्यांचा आवाज निघाला की बाराच्या बारा कंबरा एकदम वाकायच्या. नवरा गेला त्याच्या तेराव्यानंतर आठवडाभरात त्या बांधीत, धानाच्या खाचरात, उतरल्या होत्या. भुपेंद्रचा पहिला कॉम्प्युटर आला तो याच रोवणीच्या मजुरीतून, आणि धानाच्या कोठीशेजारी त्याला जागाही त्यांनीच करून दिली. अशी बाई मागच्या आषाढात पऱ्ह्यांची जुडी घेऊन धुऱ्यावरून चालताना घसरली आणि डावा पाय मोडून बसली.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पाय जोडला. तीन महिन्यांनी हाड जुळलं, आता चाला म्हणाले. चंद्रकांताबाई चालल्या, पण लाखनीतल्या लेकाच्या घरात, भिंतीला धरून, अंगणाच्या पायरीपर्यंत. पायरीखाली पाऊल नाही. लेकानं म्हणून पाहिलं, सुनेनं म्हणून पाहिलं, शेवटी डॉक्टर रागावले. या एकच सांगायच्या, "मातीचा भरोसा राहिला नाही मले."

पौष निम्मा सरला तशी सिहोऱ्याहून रंभाबाईचा फोन आला. रंभाबाई टोळीतली दुसऱ्या नंबरची, आणि मायची जिवाभावाची. "पाह्य गा भुपेंद्र, आठ दिवसांनी उन्हाळी धानाची रोवणी लागते. तिची जागा म्या अजून रिकामीच ठेवली. पण बाया आता ऐकत नाहीत. या खेपेला ती नाही आली, तर टोळी फुटते."

भुपेंद्रनं मायला ते सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "फुटू दे." तिचा पाय मोडला तेव्हाही भुपेंद्र इतका घाबरला नव्हता.

दुपारी दुकान बंद ठेवून तो जेवायला घरी यायचा, आणि जेवण झालं की मायच्या खाटेसमोरच, घरच्या कॉम्प्युटरवर, मुलूख लावून बसायचा. तेवढीच तिला सोबत. पहिले दोन दिवस तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पाठीमागून असा आवाज आला, की भुपेंद्रचा हात बटणावरून उडाला.

"कोणाच्या उभ्या धानातून धावून राहिला रे?"

पडद्यावर त्याचा तलवारवाला त्याच म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेतातून सरळ रेषेत पळत होता.

"माय, गेम आहे तो. चित्र आहे. आणि ते धान नाही, काहीतरी गवत-बिवत आहे."

"धुरे दिसून नाही राहिले तुले? धुरे आहेत तं धानच आहे. चित्रातलं असलं म्हणून काय झालं? मालक तिकडं उभा राहून पाहून राहिला बिचारा. तुले हेच शिकवलं का म्या?"

भुपेंद्रला हसू आलं आणि लाजही वाटली. लहानपणी सिहोऱ्यात बोर पाडायला, पतंग पकडायला तो गावभर हुंदडला, पण उभ्या पिकात पाऊल टाकलं नव्हतं. टाकलं असतं तर हीच माय काठी घेऊन आली असती. आणि गेममध्ये मात्र तो नि निकेश, दोघंही धानवाल्यांचीच पोरं, वीस वर्षांपूर्वी पिकं तुडवत असे पळाले होते जणू जन्मात शेत पाहिलं नाही. "बरं बापा," म्हणत त्यानं गडी मागं घेतला आणि धुऱ्यावर चढवला. धुरा काटकोनात वळायचा, मग पुन्हा वळायचा. सरळ गेलं तर जे दहा पावलांत होतं, त्याला एवढा मोठा फेरा पडला. माय मागून सांगतच होती, "दमानं. कोपऱ्यावर दमानं."

फेरा संपवून गडी म्हाताऱ्यापुढं उभा राहिला, आणि म्हातारा नवंच काहीतरी बोलला.

भुपेंद्र खुर्चीतून अर्धा उठला. वीस वर्षांपूर्वी या म्हाताऱ्याच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, पाणी आटलं, शोधून आण. आता तो म्हणत होता की तू माझं पीक राखलंस, तर तुला सांगतो, सगळ्यांत रुंद धुरा धर, तो पांढऱ्या खडकामागं जातो, माझ्या आजोबांचं तळं तिकडं आहे. गेम करणाऱ्यानं ही बारीक खोच ठेवली होती आणि दोन दीडशहाणी पोरं ती वर्षानुवर्षं पायाखाली तुडवत राहिली होती.

"काय म्हणून राहिला तो?" मायनं विचारलं. त्यानं इंग्रजीचं मराठी करून सांगितलं. माय खाटेवरून सरकून पडद्याजवळ आली. "सांगनच तो. जो धुऱ्यानं येते त्यालेच माणूस पाणी दाखवते. चाल पुढं."

रुंद धुरा डोंगराला लागला आणि निमुळता होत गेला. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला घळ. उत्साहाच्या भरात भुपेंद्रनं बटण जरा जास्तच दाबलं, आणि गडी कोसळला. खाली दगडांत पालथा पडला. कोपऱ्यातली जिवाची लाल पट्टी नखाएवढी उरली.

"हात्तिच्या," भुपेंद्र म्हणाला. "थांब, मागचा सेव्ह लावतो. पुन्हा गावापासून निघू."

"म्हणजे काय करतो?"

"पडलाच नाही असं करतो."

मायनं त्याचा हात धरला. तिची पकड अजून तशीच होती, जुडी आवळणारी. "जिता आहे न तो?"

"आहे. थोडासा."

"मग मागं कायले नेतो? पडला तं पडला. तिथूनच उठव त्याले."

असं म्हणून तिनं विचारलं कोणतं बटण, आणि ते तिनंच दाबलं. गडी हातापायांवर आला, मग उभा राहिला. पट्टी होती तेवढीच होती, पण तो चालू लागला. बोलून झालं आणि चंद्रकांताबाईंचा डावा हात आपसूक गुडघ्यावर गेला. भुपेंद्रला सगळं कळलं. पण त्यानं मान वळवली नाही. काही क्षण असे असतात की शहाण्या माणसानं तेव्हा पडद्याकडंच पाहावं.

पांढऱ्या खडकामागं तळं होतं आणि त्याच्या तोंडाशी एक शिळा अडकली होती. शिळा सरकली, पाणी धुऱ्याधुऱ्यानं खाली उतरलं. भुपेंद्रनं तिथल्या तिथं पुण्याला निकेशला फोन लावला. "अबे, सापडलं पाणी! नाही बे, म्या नाही शोधलं. मायनं!" फोनवर निकेश इतका ओरडला की मायलाही ऐकू आलं. ती हसली. आषाढानंतर पहिल्यांदा.

चार दिवसांनी सकाळी चंद्रकांताबाई पायरीपाशी उभ्या होत्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून. "सिहोऱ्याले नेतो का बसनं जाऊ?" एवढंच त्यांनी विचारलं. भुपेंद्रनं दुकानाला कुलूप घातलं.

बांधीत बायका वाकलेल्या होत्या. रांगेत धुऱ्याकडची पहिली जागा रिकामी होती. रंभाबाईनं मान वर करून पाहिलं, आणि शहाण्या बाईसारखी पुन्हा वाकली. मायनं चपला रस्त्यावर काढल्या. "तू इथंच राह्य," तिनं लेकाला बजावलं आणि अनवाणी पाऊल धुऱ्यावर टाकलं. मग दुसरं. भुपेंद्र मोटरसायकलला टेकून पाहत होता. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणापाशी ओल्या मातीवरून डावा पाय सटकला आणि माय बदकन चिखलात बसली.

भुपेंद्र धावला. वाट-बीट काही पाहिली नाही, नुकत्याच रोवलेल्या धानातून सरळ तिच्याकडं धावला. चार पावलं गेला असेल नसेल.

"भुपेंद्र! धुऱ्यानं ये!"

तो तोच आवाज होता, बारा कंबरा वाकवणारा. सगळी टोळी थबकली. भुपेंद्रही थबकला, एक पाय चिखलात, पायाखाली पऱ्हे. मग मुकाट्यानं तो मागं फिरला, काठावर चढला आणि धुरा धरून फेऱ्यानं निघाला. पहिल्या वळणावर त्यानं पाहिलं, मायनं एक हात धुऱ्यावर रोवला होता. दुसऱ्या वळणावर ती गुडघ्यावर आली होती. तो पोचला तेव्हा ती कंबरेपर्यंत चिखलानं माखून, दोन्ही पायांवर उभी होती.

"लागलं का माय?"

"नाही लागलं." तिनं धुऱ्यावरच्या जुडीतून मूठभर पऱ्हे काढून त्याच्या हातात दिले. "जा. तुडवले तेवढे पहिले लाव."

भुपेंद्र गेला, धुऱ्यानंच गेला, आणि वाकला. पऱ्ह्यांचा चौथा चूड लावून त्यानं मान वर केली, तेव्हा माय रांगेतल्या आपल्या जागी वाकलेली होती.