पाळण्याच्या कडीवरचा पंखा

धुळ्याच्या आमच्या घरात नवीन माणूस आला की आधी वर बघायचा आणि मग माझ्याकडे. वर बघायचा तो पंख्यांमुळे, आणि माझ्याकडे बघायचा तो, ही बाई हे सगळं कसं खपवून घेते या कुतूहलाने. ओसरीत पंखे, बैठकीच्या खोलीत पंखे, जिन्याच्या तोंडाशीसुद्धा एक. कुणाची लाकडी रुंद पाती, कुणाच्या बिडाच्या पोटावर ओतीव वेलबुट्टी, कुणाच्या दांडीला पितळी कडं. आणि या सगळ्यांच्या खाली, वैशाखातल्या दुपारी, हातात विंझणा घेऊन स्वतःला वारा घालत बसलेली मी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं शेजारीण माझ्या तोंडावर म्हणायची. मीही हसायचे आणि तिला चहा द्यायचे.

घर भाड्याचं होतं. मालक राजस्थानातून आलेले कापडाचे व्यापारी. कुटुंब वाढलं तसे ते नव्या घरी गेले आणि हे जुनं आम्हाला दिलं. त्यांना झोपाळ्यांची हौस, म्हणून खोल्याखोल्यांतून तुळयांना लोखंडी कड्या ठोकलेल्या. मधल्या खोलीत मात्र एकच कडी होती, बाकीच्यांपेक्षा लहान आणि झिजून गुळगुळीत झालेली. ती पाळण्याची. आमची सगळी मुलं हिच्यावर झुलली, असं मालकीणबाईंनी किल्ली देताना मला मुद्दाम दाखवलं होतं. मी तेव्हा नवी नवरी. लाजून खाली बघितलं.

आमचे हे कापसाच्या प्रेसमध्ये हेडक्लार्क होते. शिकलेले, वाचणारे, मुहूर्तबिहूर्त न मानणारे. साठ सालाच्या पुढेमागे मला पहिल्यांदा दिवस गेले आणि रिवाजाप्रमाणे सातव्या महिन्यात मी माहेरी जळगावला गेले. आमच्याकडे मूल जन्मण्याआधी पाळणा घरात आणत नाहीत. बारशाला आईचं माहेर तो आणतं आणि तोवर कडी मोकळी राहते. रिकामा पाळणा हलू द्यायचा नाही, हे तर लहान पोरींनाही ठाऊक असतं. पण ह्यांना कुठला धीर! मी जळगावात असताना हे फैजपूरला एका सुताराकडे गेले आणि सागवानी पाळणा घेऊन आले. वर रंगीत चिमण्या टांगलेल्या. मधल्या खोलीतल्या कडीला तो लावला आणि मला पत्राने कळवलं. आईने पत्र ऐकलं आणि ती देवापाशी जाऊन बसली.

मुलगी झाली आणि बारशाआधीच गेली. ह्यांनी तिला एकदाच पाहिलं. नाव ठेवायचं राहून गेलं. त्या मुलीबद्दल बोलायचं म्हटलं तर कितीतरी वर्षं मला 'ती' यापलीकडे शब्द नव्हता.

ह्यांची थोरली बहीण, अक्का, तेव्हा धुळ्याला आली होती. शिरपूरकडच्या खेड्यात राहायची, लवकर विधवा झालेली, मनात येईल ते बोलून मोकळी होणारी. तिने पाळणा पाहिला आणि ह्यांना म्हणाली, "पोर येवाना पहिले पाळना टांगी दिन्हा तू. रिकामा पाळना हालना, मंग काय व्हई?" मी तिथे नव्हते. हे मला पुढे शेजारणीने सांगितलं. ती म्हणाली, तुमचे यजमान नुसते कडीकडे बघत राहिले.

दोनेक महिन्यांनी मी परत आले. मधल्या खोलीत पाळणा नव्हता. त्या कडीला एक पंखा लटकत होता, काळा, बोजड, लाकडी पात्यांचा. प्रेसमधल्या जुन्या इंजिनाबरोबर तिथले पंखेही निकालात निघाले होते, त्यातला एक ह्यांनी मागून आणला होता. ते पंखे प्रेसच्या स्वतःच्या डायनॅमोवर चालायचे, गावातली वीज त्यांना चालत नसे. तो फिरणार नव्हताच. मला पहिल्याच दिवशी कळलं की हा वाऱ्यासाठी लावलेला नाही. कडी रिकामी दिसू नये म्हणून लावला आहे. मला कळलंय हे ह्यांनाही कळलं. तरी आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही. पाळण्याचं काय केलं, तेही मी विचारलं नाही.

मग एकेक करून बाकीच्या कड्या भरू लागल्या. कुठली तरी पेढी नवी होते आहे, कुठल्या नाटकगृहातले जुने पंखे उतरताहेत, असं कळलं की हे निघायचे. पिंपळनेरहून एक आणला तो गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावर टाकून. उतरवताना हमालाने विचारलं, "भाऊ, यामा काय शे? तोफ शे का?" रविवारी ओट्यावर बसून चिंच आणि राख लावून पितळ घासायचं, बिडाच्या नक्षीतली काजळी काडीने उकरायची, पात्यांना तेलाचा हात द्यायचा, मग शिडी लावून टांगायचं. हात लावला की चमकायच्या त्या वस्तू, एवढं मला कबूल केलं पाहिजे. कुणी आलं की हे एकेका पंख्याखाली उभे राहून त्याचं गाव सांगायचे. हा शिरपूरच्या सरकीच्या दुकानातला, हा जळगावच्या एका वकिलाच्या बैठकीतला, याच्याखाली किती अशील घामाघूम झाले असतील. सांगताना चेहरा उजळायचा. पाहुणे मधल्या खोलीकडे वळले की मात्र हे म्हणायचे, तिथे काही नाही, एक साधाच आहे.

काही पंखे गावच्या विजेवर चालायचे. पण हे ते फार वेळ चालू देत नसत, जुनी वस्तू आहे, जपायला हवी म्हणायचे. मी चिडायचे. मी काही सोशिक वगैरे नव्हते. एकदा भर उन्हाळ्यात भाकरी थापताना मी ओरडले होते, की घरात पंख्यांची पालखी निघेल एवढे पंखे आहेत आणि माझ्या कपाळावरचा घाम वाळत नाही. त्यांनी मुकाट्याने येऊन मला विंझण्याने वारा घातला. आता यावर माणसाने काय भांडायचं?

पाती पुसायचं काम माझं. काठीला फडकं बांधून दर पंधरवड्याला मी सगळे पंखे पुसायचे. मधल्या खोलीतला सोडून. तो हे स्वतः पुसायचे. मी बाजारात गेलेली असताना. परत आले की पात्यांवर ओल्या फडक्याचे पट्टे दिसायचे.

मला ती कडी मोकळी हवी होती. बाकी सगळे पंखे राहोत, अजून येवोत, पण ती एक कडी मला हवी होती. ती भरलेली होती तोवर आमच्या घरात दुसऱ्या मुलाला जागाच नव्हती. ह्यांनी जागा ठेवलीच नव्हती. घरातही नाही आणि मनातही नाही. रात्री हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी वर त्या काळ्या पात्यांकडे बघत पडायचे. अशी वर्षं गेली.

एका अखाजीला अक्का आली. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकीबाळी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात. तिचं माहेर म्हणजे आता आमचंच घर. दुपारी मधल्या खोलीत माझ्याशेजारी आडवी झाली आणि वर बघून म्हणाली, "बठ्ठा घरमा पंखाच पंखा, आनि वारा कोठे शे वं?" मी म्हटलं, "अक्का, तो वाऱ्यासाठी नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. मग कूस वळवली आणि पदर डोळ्यांवर ओढला. संध्याकाळी ती न जेवताच झोपली.

सत्तर साल उलटल्यावर कधीतरी हे भिंतीकडून माझ्याकडे वळले आणि मला पुन्हा दिवस गेले. हे ऐकून ह्यांनी पायात चपला घातल्या आणि बाहेर गेले. आले ते फरसाण घेऊन. आनंद झालाय की धस्स झालंय, मला काही कळेना. पुढचे महिने त्यांनी एकही पंखा आणला नाही. मला वाटायचं, आज काढतील, उद्या काढतील. पण मी तोंडाने कसं म्हणणार? मूल यायच्या आत पाळण्याची कडी मोकळी करा म्हणणं म्हणजे पुन्हा तीच घाई. जी चूक त्यांनी केली असं ते मानत होते, तीच मी त्यांना करायला कशी सांगू?

दुसरं बाळंतपण सासरी, म्हणून ते धुळ्यातच झालं. मुलगी झाली, ठणठणीत, आवाजाने गल्ली जागी करणारी. एकेक दिवस मी जीव मुठीत धरून काढला. बारशाच्या आदल्या दिवशी जळगावहून माझा दादा पाळणा घेऊन आला. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून अक्काही आलेली. दादाने पाळणा ओसरीत टेकवला, मधल्या खोलीत डोकावून वरचा पंखा बघितला.

"झोळी बांधू," हे म्हणाले. "ओसरीत बांधू. झोळीतही नाव ठेवतात."

मी बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होते, डोक्याला फडकं बांधलेली, हातांवर मुलगी. म्हटलं, "पाळणा आलाय, कडी आहे, मग झोळी कशाला?"

"तिथे पंखा आहे."

"पंखा आहे हे मला माहीत आहे. इतकी वर्षं त्याच्याकडेच बघत झोपले आहे मी."

"तिथे पुन्हा नको," ते म्हणाले. मग खाली बघून, दादासमोर, अक्कासमोर, "मला भीती वाटते गं."

तो शब्द त्यांच्या तोंडून यायला एवढी वर्षं लागली. माझा राग तिथल्या तिथे निवाला, पण मी हटले नाही. "मलाही वाटते," मी म्हटलं. "घरातल्या सगळ्या कड्या तुमच्या भीतीला दिल्या मी. एकदाही अडवलं नाही. ही एक माझ्या मुलीला द्या."

अक्का उठली आणि कोपऱ्यातली शिडी ओढत मधल्या खोलीत घेऊन गेली. "मनं चुकनं, भाऊ," ती शिडी धरून म्हणाली. "मनं बोलनं चुकनं. चढ तू."

हे चढले. त्यांनी पंखा उतरवून दादाच्या हातात दिला. दादा त्या वजनाने वाकला. पंख्याच्या दांडीवरच्या वाटीखाली झाकलेलं तुळईचं लाकूड मूळच्या रंगाचं राहिलं होतं, एवढीशी गोल जागा. ह्यांनी ती जागा हाताने पुसली. कडी ओढून पाहिली. आणि मग हेडक्लार्क माणूस, चाळिशीला टेकलेला, शिडीवरून पाय सोडून दोन्ही हातांनी त्या कडीला लोंबकळला. तुळई जरासुद्धा कुरकुरली नाही. तसेच लटकून हे रडायला लागले, मोठ्याने, लहान पोरासारखे. "पक्की शे कडी," अक्का खालून म्हणाली आणि तिने त्यांचे पाय धरून त्यांना उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बारसं. गल्लीतल्या बायका आल्या, घुगऱ्या शिजल्या. आमच्याकडे पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात, धुऊन, कुंची घालून, बाळासारखा. पाळणा रिकामा हलू नये आणि मूल दगडासारखं टणक व्हावं म्हणून. अक्काने वरवंटा पाळण्यात निजवला. आता तो उचलायचा आणि मुलीला ठेवायचं. मी मुलीला पुढे केलं.

"अक्का, थांब," हे दारातून म्हणाले. बारशाच्या बायकांत पुरुष येत नाहीत, पण हे आत आले. पाळण्यातल्या कुंचीकडे बघून म्हणाले, "आधी तिचं ठेव."

कुणाचं, हे अक्काने विचारलं नाही. अक्काने पाळण्याच्या दोरीला हात घातला. "तिन्हं नाव काय ठेवू, भाऊ?"

ह्यांनी तिच्या कानात सांगितलं. फैजपूरला गेले तेव्हापासून ते नाव त्यांच्याजवळ असणार. अक्का पाळण्यात वाकली, त्या दगडाच्या कुंचीशी तोंड नेलं आणि रिवाजाप्रमाणे हळूच कुर्र केलं. मी जवळच उभी होते. माझ्या पहिल्या मुलीचं नाव मला तेव्हा कळलं.

मग अक्काने वरवंटा उचलून ह्यांच्या हातात दिला. हे तो छातीशी धरून उभे राहिले, आणि मी दुसरीला पाळण्यात ठेवलं.