कोपऱ्यातला उर्दू आकडा

आमच्या ह्यांचं साप्ताहिक चार पानांचं होतं, आणि त्या चार पानांपायी ह्यांना घरात गरम भाकर कधी मिळाली नाही. संपादक हे, बातमीदार हे, लोकांशी भांडणारेही हेच. अंकांच्या घड्या घालून पत्ते चिकटवायला मी. बायकोला पगार द्यायची चाल बहुधा कुठल्याच वर्तमानपत्रात नसते. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. आम्ही गुलमंडीच्या मागं राहायचो. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन इतकी वर्षं लोटली होती की निजामाचं नाव म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच काय ते निघायचं.

ह्यांचा एक मित्र होता, शाळेपासूनचा. दोघं निजामाच्या अमलात उर्दू शाळेत एका बाकावर शिकलेले. मित्र पुढं पाटबंधाऱ्याच्या सरकारी कचेरीत कारकून झाला. राज्य बदललं, दफ्तर उर्दूतून मराठीत आलं, तेव्हा मराठीची परीक्षा देऊन तो टिकला. अक्षर तर ह्यांच्यापेक्षा सुरेख. रविवारी आमच्याकडं यायचा, माझ्याशी मराठीत बोलायचा आणि ह्यांच्याशी दखनीत वाद घालायचा. त्याची बायको फारशी घराबाहेर पडत नसे. मी तिला भाभी म्हणायची आणि सवड काढून तिच्याकडं जायची, कारण ह्यांच्याबद्दलची माझी गाऱ्हाणी शांतपणे ऐकणारं तेवढं एकच माणूस गावात होतं.

एका रविवारी मित्र आला तो दार लावूनच बसला. मग सदऱ्याच्या आतून काही कागद काढून त्यानं ह्यांच्या पुढ्यात ठेवले. पिशोरकडच्या एका तलावाची भिंत पाझरत होती, आणि पुढच्या पावसाळ्यात ती टिकेल याचा भरवसा नाही, असं इंजिनिअरनं स्पष्ट लिहून दिलं होतं. त्यावर 'गोपनीय' असा शिक्का मारून वरच्या साहेबांनी अहवाल कपाटात टाकला होता. लोक घाबरतील म्हणे. मी त्याच कन्नड तालुक्यातली. त्या भिंतीखालची घरं मला ठाऊक होती, तिथल्या दोन लेकी माझ्याबरोबर शाळेत होत्या. छापू नका म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मित्राची पेन्शन तोंडावर आलेली, हेही मला ठाऊक होतं, आणि त्या दोन गोष्टी एकाच डोक्यात ठेवून मी दिवसभर स्वयंपाकघरात भांडी आपटत होते.

चार पानांच्या साप्ताहिकावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून ह्यांनी अहवालाच्या एका पानाचा ब्लॉक करून घ्यायचं ठरवलं. ब्लॉक म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर उतरवलेलं त्या कागदाचं चित्र, ते जसंच्या तसं अंकात उमटतं. मित्राचा माग कुणाला लागू नये म्हणून हे कात्री घेऊन बसले. वरचा शिक्का कापला, कचेरीचा नंबर कापला, खालची सही कापली. एरवी भाजीची पिशवी नीट न धरणारा हा माणूस, पण त्या दिवशी सोनार काय बसेल असा बसला होता. कापलेले तुकडे त्यांनी चुलीत घातले आणि मला म्हणाले, आता देव जरी आला तरी कुणी दिलं ते त्याला कळणार नाही.

अंक निघाला. भिंतीखालच्या गावांतली माणसं बैलगाड्या जुंपून, एस्टीनं, जीपला लटकून कन्नडला गेली आणि तहसील कचेरीसमोर बसली. सरकारनं गडबडीनं माणसं लावून भिंत दुरुस्त करायला घेतली. म्हणजे बातमी खरी होती हे सरकारनंच कबूल केलं, असं मला आपलं वाटलं. पण भिंतीवर मुरूम पडत होता त्याच आठवड्यात आमच्या दारात पोलीस आले. सरकारी गुपितं फोडल्याचा गुन्हा. मी फौजदाराला विचारलं, भिंतीला भोक पडलंय हे गुपित कसं, ते पाणी तर सगळ्यांच्या डोळ्यादेखत वाहत होतं. त्यानं माझ्याकडं न बघता गादी उसवून पाहिली.

ह्यांना नेलं, जामिनावर सोडलं, पुन्हा पुन्हा बोलावलं. कागद कुणी दिले, एवढाच प्रश्न. ह्यांनी मूग गिळले ते गिळलेच. घरी आले की जरा ताठ बसायचे. मला राग यायचा आणि खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटायचा. मित्रानं येणं बंद केलं होतं, तसं ह्यांनीच त्याला सांगितलेलं.

मग एक दिवस मित्राच्या कचेरीतले ते वरचे साहेब स्वतः घरी आले. पुण्याकडचे होते, बोलायला सभ्य. मी पाणी दिलं. त्यांनी आमचाच अंक चटईवर पसरला आणि म्हणाले, "नाव सांगू नका संपादकसाहेब. हे काय आहे तेवढं सांगा." त्यांचं बोट ब्लॉकच्या डाव्या कोपऱ्यावर होतं. तिथं शाईनं पानाचा आकडा घातलेला होता, उर्दूत.

ह्यांनी तो शंभरदा पाहिला असेल. मीही घड्या घालताना प्रत्येक अंकावर पाहिला होता. पण आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळे त्याच आकड्यांत मांडायचे, ह्यांचे स्वतःचे हिशेबही त्यातच. ते परके आहेत असं आमच्या डोळ्यांना कधी वाटलंच नाही. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्यांदा तेच खुपलं. मित्र अर्ज मराठीत लिहायचा, टिपणं मराठीत लिहायचा, पण फाईल लावताना पानांवर आकडे घालायला लागला की हात लहानपणीच्या वळणावर जायचा. त्या कचेरीत असे आकडे घालणारा आता तो एकटाच उरला होता. साहेब पाणी पिऊन गेले. हे तसेच चटईवर बसून राहिले, त्या कोपऱ्यावर अंगठा दाबून.

मित्राला त्याच दिवशी कचेरीतून नेलं. खटल्यात आरोपी एक तो, आरोपी दोन हे. पहिल्या तारखेला हे त्याच्या समोर जायला तयार नव्हते, मी दंडाला धरून नेलं. मित्रच पुढं आला. म्हणाला, "तुम नाम नै बोले, मालूम है मेरे कू. मेरे हाथनेच बोल दिया." 

तारखा पडत राहिल्या. तलावाची भिंत बांधून झाली, पावसाळा गेला, खालची गावं सुखरूप राहिली, आणि त्यातलं कुणी कधी कोर्टात आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही, तरी दर तारखेला दाराकडं बघायची. ह्यांनी एक निवेदन पाठ केलं होतं. पत्रकार बातमी देणाऱ्याचं नाव का सांगत नाही, मोठ्या तळमळीचं होतं. अंघोळीला गेले की मोठ्यानं म्हणायचे. पण कोर्टात त्यांना नाव कुणी विचारलंच नाही. त्या नावाचा माणूस शेजारीच उभा होता.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. गोपनीय शिक्का असलेला भाग छापलेल्या पानावर नव्हता, आणि तो ह्यांनी पाहिला होता हे पोलिसांना सिद्ध करता आलं नव्हतं. म्हणून संशयाचा फायदा देऊन आरोपी दोन निर्दोष. आरोपी एक कचेरीतलाच माणूस, शिक्का त्याला ठाऊक होता. त्याला कैद. मित्राला वाचवायला जी कात्री चालवली तिनं ह्यांनाच वाचवलं. हे उठून ओरडले, शिक्का मी पाहिला होता, मीच कापला. वकिलानं हात धरून खाली बसवलं. न्यायाधीश आत निघून गेले होते आणि शिपाई पुढच्या खटल्याची नावं पुकारत होता.

शिपायांच्या मधून जाताना मित्र माझ्यापाशी थांबला. "वहिनी, ह्यांना घरी न्या. हर्सूलचा जेल काय लांब नाय. आमच्या घरी तेवढं तुमीच सांगा."

ह्यांना घरी बसवून मी तशीच भाभीकडं गेले. ती दारातच उभी होती. "भाईसाबकू छोड दिए ना?" तिनं आधी ह्यांचंच विचारलं. मी हो म्हणाले. तिनं डोळे मिटून अल्लाचे आभार मानले, मला आत ओढलं आणि स्टोव्ह पेटवला. संपादकाला सोडलं म्हणजे दोघांनाही सोडलं, असंच तिला वाटलं होतं. दोघं कुठं रेंगाळले, चहा थंड होईल, असं म्हणत तिनं चार कप मांडले.  चहा उकळून वर आला तरी मला ते सांगता येईना.