सहाशे की बाराशे

समजा, तुमच्या हातात एक दिवा आहे. साधा नाही, लुकलुकणारा. मिनिटाला किती वेळा चमकायचं ते त्याच्या बाजूची चकती फिरवून ठरवता येतं. समोर माणसाएवढा पंखा गरगरतोय आणि त्याच्या एका पात्यावर पांढरी रेघ मारलेली आहे. पंखा मिनिटाला बाराशे फेरे घेत असेल आणि दिवाही बाराशे वेळा चमकला, तर दर चमकेला रेघ त्याच जागी सापडते. पंखा थांबलाय असंच वाटतं. थांबलेला नसतो, हात घातलात तर हात जाईल. आता दिवा सहाशेवर आणा. रेघ पुन्हा एकच आणि पुन्हा स्थिर, कारण दोन फेऱ्यांत एकदा चमकलं तरी ती तिथेच भेटते. मग खरा आकडा कोणता?

ताईला विचारा. पुठ्ठ्याच्या कारखान्यात सतरा वर्षं हा दिवा, म्हणजे स्ट्रोबोस्कोप, तिच्याच हातात होता. फिटरपासून साहेबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. तिचा नियम एका ओळीचा: "वरून उतरायचं, खालून चढायचं नाही." दिवा सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवायचा आणि हळूहळू खाली यायचं. पहिल्यांदा एकच रेघ जिथे थांबेल, तो खरा वेग.

मग तिची धाकटी बहीण डिप्लोमा करून त्याच विभागात लागली. साहेबांकडे शब्द ताईनेच टाकला होता. दिवाही तिनेच हातात दिला. पण धाकटी मोजलेले आकडे घेऊन संगणकावर रंगीत तक्ते करायची आणि साहेब ते केबिनबाहेरच्या भिंतीवर लावायचे. ताईच्या मोजणीच्या सतरा वह्या कपाटात होत्या. हळूहळू मशीन कुरकुरलं की हाक बदलली: "धाकटीला बोलवा."

"पिकतं तिथं विकत नाही, ताई," म्हातारा फिटर दात काढून म्हणाला.

"तुमच्या कमरेचा पट्टा सैल झालाय, तो आवळा आधी."

घरी आईचं वेगळंच. "धाकटीचा भिंतीवर फोटो लावलाय म्हणे?"

"फोटो नाही, तक्ता."

"तेच ते. तुझं कधी लावलं का गं काही?"

ताईने पोळपाट जोरात आपटला.

त्या आठवड्यात पुठ्ठा ओला निघत होता. सुकवणीच्या पंख्याचा वारा कमी पडत होता. पंखा जुना, दुसरीकडून आणलेला; मोटरवरची पाटी केव्हाच गळून पडलेली. तो किती फिरतोय ते मोजायचं आणि वेग वाढवायला त्या हिशोबाने मोटरवर मोठी पुली बसवायची, असं ठरलं. सकाळी दहाला एका पात्यावर पांढरी रेघ मारून धाकटी दिवा घेऊन उभी राहिली. वायर पुरत नव्हती म्हणून ताई मागे वायर धरून उभी होती.

धाकटीने चकती खालून, पाचशेपासून, वर नेली. सहाशेवर रेघ थांबली.

"सहाशे!" ती ओरडली आणि लिहून घेतलं.

ताईने पात्यांचा आवाज ऐकला होता. सतरा वर्षांत सहाशेचा पंखा असा कधी किंचाळला नव्हता. खालून चढलीस, अर्ध्यावर अडकलीस, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. पण ती मूग गिळून गप्प बसली. लागू दे तक्ता भिंतीवर, तिच्या मनात आलं. एकदा तरी हिचा आकडा खोटा पडू दे.

साहेबांनी हिशोब केला: दीडपट पुली, म्हणजे नऊशे. पंख्यावर कमाल वेग पंधराशे कोरलेला होता. नऊशेला कसली भीती? जेवणाच्या सुट्टीत फिटरने पुली बदलली. ताईने डबा उघडला आणि तसाच बंद केला. सहाशे खोटे असतील तर खरे बाराशे. त्याचे दीडपट अठराशे. पाती निखळतील, आणि पंख्याजवळ म्हातारा फिटर उभा होता. शिवाय धाकटी.

फिटरचा हात बटणाकडे गेला तेव्हा ती धावली. "थांबा! जुनी पुली लावा आधी!"

जुनी पुली बसली, पंखा फिरू लागला. ताईने दिवा घेतला आणि वरून उतरली. चोवीसशेवर समोरासमोर दोन रेघा. बाराशेवर एक. सगळ्यांनी पाहिलं. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

आपण याच क्षणाची वाट पाहत होतो, हे ताईला कळत होतं. तो तिला गोड मात्र लागला नाही.

"वा, ताई!" साहेब म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण तुम्ही सकाळी इथेच होतात ना? तेव्हा का नाही बोललात?"

ताई वायर गुंडाळू लागली. धाकटीच मध्ये बोलली.

"नाही सर, मोजताना ताई नव्हती. मी एकटीच होते."

आणि उतरवलेली मोठी पुली उचलून ठेवायला ती फिटरला मदत करू लागली, ताईकडे न बघता.

दोघी आजही एकाच खोलीत झोपतात, एकाच आरशात केस विंचरतात. दिवा पुन्हा ताईकडे आला आहे. धाकटीने स्वतःहून दिला. आईने त्यावरही म्हटलं, "बघ, किती मोठं मन आहे तिचं!" ते ऐकून ताईच्या पोटात पुन्हा दुखलं.

तिला धाकटीला एकच विचारायचंय. फणी हातात घेऊन कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं: त्या दिवशी तू मला वाचवलंस, की तिथेही माझ्या वरच राहिलीस?